तळहात दाखवा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

बडोद्याला येऊन आठ दिवस झाले आणि ही वही आज उघडतेय. पुण्याच्या होस्टेलवर परत जाताना पूर्वीने दिली होती. म्हणाली, आई, तू बोलत तर नाहीसच, निदान लिही तरी. लेक माझी, पण टोमणे सासूचे.

निहारची बदली इथल्या रिफायनरीत झाली आणि मिरजेतलं अठरा वर्षांचं बस्तान आम्ही उचललं. मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. शेजारच्या बाईंनी पहिल्याच दिवशी डबाभर लीलो चिवडो आणून दिला आणि मला 'दीप्तीबेन' करून टाकलं. स्कूटरवरून वीस मिनिटांत मी कामावर पोचते. सेहेचाळिसाव्या वर्षी नव्या गावात इतकं सुरळीत बस्तान बसेल असं वाटलं नव्हतं.

काम जुनंच, भूल द्यायचं. चाळीस खाटांचं खासगी रुग्णालय आहे, दोन ऑपरेशन थिएटरं. मालक डॉक्टर पीयूष, पण सगळे त्यांना पीयूषभाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी कौतुकाने व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, घशात बघायचं यंत्र, दाखवला. पूर्ण भूल दिली की माणसाचा श्वास थांबतो. मग तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब सरकवायची आणि त्याच्या वतीने यंत्राने श्वास घ्यायचा. मिरजेला मी हे जीभ उचलून धरणाऱ्या साध्या पट्टीने करत आले, मान मोडून, एक डोळा बारीक करून. माझी मान गेली ती त्यातच. इथे पट्टीच्या टोकाला कॅमेरा आहे आणि स्टँडवर पडदा. दोन पांढरे स्वरतंतू, त्यांच्यामधली काळी फट, त्या फटीत ट्यूब. फटीच्या खाली अन्ननलिकेचं तोंड. चुकून तिथे गेलात तर हवा पोटात जाते आणि माणूस हातचा जातो. पण इथे चुकायला जागाच नाही, सगळं लख्ख दिसतं. शिवाय प्रत्येक केसचं चित्रण आपोआप कार्डावर साठतं.

आज चार केसेस केल्या आणि मान दुखली नाही. आनंदात आहे मी. हे लिहून ठेवलेलं बरं, पूर्वीला दाखवता येईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सात केसेस. पाय भरून आलेत, पण झोपण्याआधी संपतरावांबद्दल लिहायचंय.

संपतराव आमचे ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, तंत्रज्ञ. वय अठ्ठावन्न, पिळदार मिशा, पणजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत होते हे दिवसातून एकदा तरी सांगणार. घरी मराठी, बाहेर गुजराती, आणि ओटीत दोन्हींची खिचडी. त्यांची एक गंमत आहे. कॅमेरा सुरू केला की ते आधी स्वतःचा तळहात त्याच्यासमोर धरतात. पडद्यावर हाताच्या रेषा उमटल्या की बोटं हलवून बघतात. मग म्हणतात, "बराबर छे. घ्या ताई." दर केसला. एकदाही चुकवत नाहीत.

मी चिडवलं, की रोज भविष्य बघता की काय स्वतःचं? भूल दिलेल्या पेशंटलाही हसू येईल इतका बरा विनोद होता. संपतराव हसले नाहीत.

बाहेर बाकावर एक माणूस बसलेला असतो. पस्तिशीचा, अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. नर्सने सांगितलं, जवळच्या पादरा गावचा आहे, श्रीकृष्ण नाव, दर गुरुवारी येतो. गेल्या वर्षी त्याची आई इथे ऑपरेशनमध्ये गेली. आईला काय झालं ते सांगा, एवढंच मागतो. हृदय बंद पडलं असं त्याला सांगितलंय, ते त्याला पटत नाही. मराठी माणूस दिसल्यावर त्याने मलाही गाठलं. मी म्हटलं, मी नवीन आहे हो, तेव्हा इथे नव्हते. तो म्हणाला, बरं ताई, आणि परत जाऊन बसला. वाईट वाटलं मला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक विचित्र प्रकार. विचित्र म्हणजे, कारण असणारच.

पित्ताशयाची केस, तिशीची बाई. स्नायू ढिले करणारं औषध दिलं, पुरतं चढू दिलं. त्या औषधानंतर माणूस पापणीसुद्धा हलवू शकत नाही. स्कोप घातला. स्वरतंतू उघडे, निश्चल, अगदी पुस्तकातल्यासारखे. मी ट्यूब हातात घेतली आणि ते मिटले. उघडले, परत मिटले. एकदा लांब, दोनदा तोकडं, मग थरथर. बोलताना हलतात ना, तसे. श्वास नाही म्हणून आवाज नाही, एवढंच.

औषध कमी पडलं असेल म्हणून मी थोडं वाढवलं. तरी तेच. शेवटी उघडल्याचा क्षण साधून ट्यूब टाकली. संपतरावांकडे बघितलं तर ते पडद्याकडे पाठ करून उभे होते.

पीयूषभाईंना औषधाची बाटली बदलायला सांगितलीय. नऊ केसेस झाल्या आज. नववीला पडद्याकडे बघताना डोळे मिटत होते. दुसरा भूलतज्ज्ञ लवकरच नेमू म्हणतात. आज-उद्या करता करता लग्नाची मुलगी म्हातारी व्हायची.

२ डिसेंबर, मंगळवार

बाटली बदलली, तरी तसंच चाललंय. रोज नाही, पण पाचांतल्या एकात तरी. तीच लय, एकदा लांब, दोनदा तोकडं, मग थरथर. आज बावीस वर्षांच्या पोरात दिसलं. हर्नियाची केस, कारेलीबागेतलं गुजराती कुटुंब, लग्न व्हायचंय, मराठीचा गंध नाही.

ऑपरेशन संपलं, ट्यूब काढली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, बेटा, तारुं नाम शुं? नाव सांगता आलं की समजायचं माणूस जागेवर आला. त्याने डोळे उघडले, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाला, "माझ्या लेकाला सांगा."

स्पष्ट मराठीत.

नंतर तो स्वतःच्या आईशी गुजरातीत बोलत होता. त्याला काही आठवत नव्हतं. भुलीत माणसं काहीही बरळतात, मी अठरा वर्षं ऐकतेय. पण मी हात दोनदा धुतले. मला भीती वाटली. लिहूनच टाकते, वाटली.

९ डिसेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत संपतरावांना पकडलं. सेव-उसळ तशीच पुढ्यात निवली, पण त्यांनी सांगितलं.

श्रीकृष्णाची आई, मथुराबाई. साधं पित्ताशयाचं ऑपरेशन. भूल द्यायला डॉक्टर उन्मेष होते, माझ्याआधीचे. माणूस चांगला, हात चांगला, पण त्या दिवसाची ती अकरावी केस. दहाव्या पेशंटच्या तंतूवर त्यांना लाल ठिपका दिसला होता, म्हणून मधल्या वेळात कार्डावरचं चित्रण लावून ते बघत बसले. तेवढ्यात मथुराबाईंना आत घेतलं. पडद्यावरचं चित्रण बंद करायचं राहून गेलं. ते संपलं की आपोआप परत सुरू व्हायचं.

उन्मेषनी स्कोप मथुराबाईंच्या तोंडात घातला आणि पडद्याकडे बघितलं. पडद्यावर उघडे, सुंदर स्वरतंतू. ट्यूब आत जाताना दिसली. ती आधीच्या पेशंटची होती. यांच्या हातातली ट्यूब अन्ननलिकेत गेली.

बाहेर येणारा श्वास दाखवणारी रेषा सपाट होती. पण त्या यंत्राची नळी नेहमीच तुंबायची, म्हणून यंत्रावर कुणी विश्वास ठेवला नाही. पडद्यावर तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं ना! स्टेथोस्कोप लावून ऐकायचं संपतरावांचं काम. घाई होती, त्यांनी नुसता लावल्यासारखा केला.  तेव्हापासून ते तळहात दाखवतात. पडदा आत्ताचं दाखवतोय की मागचं, ते कळायला.

मी विचारलं, श्रीकृष्णाला का नाही सांगितलं? म्हणाले, ताई, दोन वरस राहिली पेन्शनची. मग मान खाली घालून उसळ चिवडत बसले.

११ डिसेंबर, गुरुवार

कार्ड तपासलं. पडद्यावर काहीही लावलेलं असो, कॅमेरा आपलं टिपत राहतो. दोन्ही चित्रणं आहेत.

पहिल्यात उजव्या तंतूवर लाल ठिपका, कुंकवाच्या टिकलीएवढा. ट्यूब बिनचूक आत जाते.

दुसरं मथुराबाईंचं. ट्यूब खालच्या भोकात जाते. स्कोप निघतो, काळोख. मग पुन्हा घातलेला, कुणीतरी घाबरून घातलेला, हलणारा. आणि तिथे तंतू. औषध उतरत चाललेलं असणार. उघडतात, मिटतात. एकदा लांब, दोनदा तोकडं, मग थरथर. ती श्वास मागतेय.

तीच लय आहे.

बाहेर बाकावर श्रीकृष्ण बसला होता. आज गुरुवार. मी मागच्या दाराने घरी आले.

१५ डिसेंबर, सोमवार

मी कार्ड बघितल्याचं कानावर गेलं असणार, पीयूषभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. आवाज चढवला नाही, उलट फार मायेने बोलले. कार्ड भरलंय बेन, जुनं पुसून टाका. जे थयुं ते थयुं. बाई काही परत येणार नाही. चाळीस माणसांची पोटं या जागेवर आहेत आणि उन्मेषला दोन लहान मुलं. तुम्ही थकलाय, चार दिवस रजा घ्या.

थकलेय हे खरंच होतं. मला भांडायचं नव्हतं. मला घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. माणूस पाप करतो ते राक्षस होऊन करतो असं मला वाटायचं. मी कंटाळून केलं.

दोन्ही चित्रणं पुसली. दोन बटणं. यंत्राने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो.

१८ डिसेंबर, गुरुवार

त्याने जिन्यात गाठलंच. ताई, तुम्ही आपलं माणूस. तुम्हाला काही कळलं असेल तर सांगा. मी भांडणार नाही, कोर्टात जाणार नाही. ती शेवटी घाबरली होती का, तेवढं सांगा.

मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

'नाही' म्हणताना आवाज फुटला. घशात काहीतरी तुटल्यासारखं झालं. तो म्हणाला, ताई, पाणी प्या. आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून दिली मला.

३१ डिसेंबर, बुधवार

आवाज बसलाय तो बसलाच. हळद-दूध, गुळण्या, वाफ, सगळं झालं. निहार म्हणतो, एसीने.

संपतरावांना आजपासून घरी बसवलं. दोन वर्षं आधी. माझ्याशी बोलले म्हणून. निरोपाचा हार घालून उभे होते. मी पीयूषभाईंना काही बोलायला हवं होतं. बोलले नाही. तसाही आवाज नव्हता.

जाताना एवढंच म्हणाले, "ताई, तळहात सोडू नका."

नवा तंत्रज्ञ मयंक. चटपटीत आहे. मी तळहात दाखवते तेव्हा दुसरीकडे बघून हसतो.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

उत्तरायण. गच्च्यांवर पतंग कापला की "काप्यो छे" चा गजर, आणि खाली आमच्याकडे गळा कापलेली माणसं. मांजाने. पाच आली.

पाचांत तंतू हलले. पाचही जणांत.

एक मुलगी शुद्धीवर आली. नाव विचारायला मला आवाज नव्हता, मयंकने विचारलं. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझा हात धरला. "सांगितलं नाहीस ना," म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार

आमच्या इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर मनालीने बघितलं. डावा तंतू जवळजवळ हलत नाही. गाठ आहे. काढून तपासायला पाठवायची. पूर्ण भूल द्यावी लागेल. इथेच करू म्हणते, आपलं घरचंच.

मी वहीत लिहून दाखवलं, दुसरीकडे करू. निहारला लिहून दाखवलं. तो म्हणाला, दीप्ती, तू रोज तिथेच तर काम करतेस. का नको ते सांग.

कसं सांगू — पुसलं मीच.

आता ही वहीच माझा आवाज. हातात घेऊनच हिंडते. मनालीला अटी लिहून दिल्यात. साधी पट्टी वापरा, पडदा नको. भूल द्यायला बाहेरून नागरवाड्यातल्या एका जुन्या डॉक्टर बाईंना बोलवा. ती हो म्हणाली.

२६ जानेवारी, सोमवार

श्रीकृष्णाला पत्र लिहिलं. सगळं. चार पानं. ठिपका, ट्यूब, नळी, पुसलेलं. आणि हेही, की हो, ती घाबरली होती, ती शेवटपर्यंत तुला काही सांगू बघत होती.

वहीच्या शेवटच्या पानांवर आहे. फाडून पाकिटात घालायचं. पत्ता संपतरावांकडून घ्यायचा होता. आज फार दमलेय. गुरुवारी तो येईल तेव्हा हातातच देईन.

उद्या सकाळी आठला मला ऑपरेशनला घेणार.

२७ जानेवारी, मंगळवार

आठचे दोन वाजले. उपाशी. सलाईन लागलं. निहारला बाहेर थांबवलंय. वही सोडली नाही मी, नर्सने राहू दिली. पूर्वीला फोनवर नुसतं ऐकलं. ती रडत होती.

डॉक्टर बाई आल्या नाहीत. त्यांना अचानक दुसरीकडे जावं लागलं. कुणीतरी येतोय म्हणे बदली —

आत घेतलं. टेबल गार आहे. भूल देणारा वाकून बघतोय. डोळ्यांखाली काळं. सकाळपासून आठवी म्हणतो. नमस्कार मॅडम, मी उन्मेष.

साधी पट्टी लिहून दिली होती. मनालीला कागद दाखवला. ती म्हणते, गाठीमुळे कॅमेराच सुरक्षित. समजावते मला. मला!

झोपेचं पहिलं इंजेक्शन दिलं. बोटं जड

पडदा लावला. डोकं वळवलं तर दिसतो

स्कोप ट्रेवर आहे. अजून पिशवीतून काढला पण नाही

पडद्यावर घसा आहे

उघडा. छान. उजव्या तंतूवर लाल — टिकलीएवढा —

पुसलं होतं. मी पुसलं होतं

वही दाखवली. उन्मेष म्हणाले, नंतर वाचतो हं. मयंक हसला. मनाली हात धुतेय, पाठ आहे

आवाज नाही आवाज

तळहात. वर केला. ट्रेवरच्या कॅमेऱ्याकडे, बोटं हलवली. पडद्यावर माझा हात नाही. बघा ना. नाही. मयंक म्हणतो बाय करतायत. नर्सने हात खाली धरला

दुसरं इंजेक्शन, पांढरं

श्रीकृष्ण — पानं मागे

संपतराव ऐ

लेकीला माझ्या लेकीला सां